दोघांनी मिळून रहस्यकथा लिहिणं टिकतं का? लेव्हिन्सन आणि लिंक यांच्या निमित्ताने

प्रश्न थोडक्यात असा आहे: दोन मित्र टीव्हीसाठी रहस्यमालिका लिहू पाहताहेत. 'कोलंबो' आणि 'मर्डर, शी रोट' या मालिकांमागची अमेरिकन जोडी, रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक, त्यांना ऐकून माहीत आहे. ही जोडी इतकी वर्षं टिकली कशी, यशात 'जोडी' असण्याचा वाटा किती, आणि आपण त्यातून काय उचलायचं, हे त्यांना हवंय.

मी स्वतः सोळा वर्षं एका मित्रासोबत मालिका लिहिल्या, त्यातल्या बऱ्याचशा गुन्ह्यांच्या. म्हणजे मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझं मत असं की कोलंबो, म्हणजे 'कोलंबो' मालिकेचा गबाळा दिसणारा पोलीस नायक, एकट्या माणसाला सुचला नसता. आणि सुचला असता तरी त्या घाटात उभा राहिला नसता. का, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

लिंकचा जन्म डिसेंबर 1933चा, लेव्हिन्सनचा ऑगस्ट 1934चा, दोघेही फिलाडेल्फियाचे. 1946 साली शाळेत त्यांची गाठ पडली. गाठ पडली म्हणण्यापेक्षा लोकांनी घालून दिली म्हणा. दोघांच्याही ओळखीच्यांनी त्यांना सांगून ठेवलं होतं की नव्या शाळेत तुझ्यासारखाच एक वेडा आहे, त्यालाही जादूचे प्रयोग आणि रहस्यकथा यांचं खूळ आहे. पहिल्याच दिवशी दोघांनी एकमेकांना हुडकून काढलं. मग वायर रेकॉर्डरवर नभोनाट्यं करणं, एकत्र गोष्टी लिहिणं सुरू झालं. पुढे पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठही एकच. व्यवस्थापनाचं शिक्षण घेता घेता तिथल्या नाट्यमंडळासाठी त्यांनी संगीतिका लिहिल्या. त्यांची पहिली छापील कथा 'एलरी क्वीन्स मिस्ट्री मॅगझीन'मध्ये 1954 साली आली, तेव्हा दोघेही विद्यार्थीच होते.

जादूचा हा मुद्दा बालपणीची गंमत म्हणून सोडून देऊ नका. जादूगार प्रेक्षकाची नजर डाव्या हाताकडे वळवतो आणि काम उजव्या हाताने करतो. कोलंबो नेमकं हेच करतो. बायकोच्या गोष्टी, हरवलेली पेन्सिल, खिशातले चुरगळलेले कागद हा सगळा डावा हात. 1983 साली या दोघांनी ब्रॉडवेवरच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या मुख्य व्यावसायिक रंगभूमीवरच्या, 'मर्लिन' या जादूच्या संगीतिकेची संहिताही लिहिली आणि 1986 साली 'ब्लॅक्स मॅजिक' ही जादूगार नायक असलेली मालिका आणली. ती तेरा भागांत आटोपली. म्हणजे खूळ आयुष्यभर टिकलं, धंद्यात दर वेळी चाललं असं नाही.

आता कोलंबोच्या जन्माकडे येतो, कारण नव्या लेखकांना सगळ्यात उपयोगी भाग तोच आहे. आपल्याला वाटतं की पात्र सुचतं, मालिका विकली जाते, पात्र अमर होतं. प्रत्यक्षात 1960च्या मार्चमध्ये 'आल्फ्रेड हिचकॉक्स मिस्ट्री मॅगझीन'मध्ये त्यांची एक कथा छापून आली. एक नवरा बायकोचा खून करतो आणि आपली प्रेयसी बायकोच्या वेषात सोबत घेऊन विमानतळाच्या साक्षीदारांना फसवतो. या कथेत कोलंबो नव्हता. त्याच वर्षी 31 जुलैला त्यावरून 'इनफ रोप' नावाचं एक तासाचं नाट्य टीव्हीवर झालं, त्यात लेफ्टनंट कोलंबो पहिल्यांदा आला. तो साकारला बर्ट फ्रीड या नटाने. आज तो कुणाला आठवतही नाही.

नंतर त्याच मजकुराचं रंगमंचावरचं नाटक झालं, 'प्रिस्क्रिप्शन: मर्डर'. 1962 साली सॅन फ्रान्सिस्कोत ते उघडलं. खुनी नवऱ्याच्या, म्हणजे डॉक्टरच्या, भूमिकेत जोसेफ कॉटन, सोबत अ‍ॅग्नेस मूरहेड, आणि पोलीस म्हणून थॉमस मिचेल हा म्हातारा, मुरलेला नट. लेखकांच्या मनात नायक होता डॉक्टर. पोलीस हा केवळ गोष्ट पुढे सरकवण्यापुरता. पण पडदा पडल्यावर जास्त टाळ्या पोलिसाला पडू लागल्या. मिचेल त्याच वर्षीच्या डिसेंबरात वारला आणि नाटक ब्रॉडवेपर्यंत पोचलंच नाही.

त्यानंतर सहा वर्षांनी, 20 फेब्रुवारी 1968 रोजी एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर त्याचाच टीव्ही-चित्रपट झाला. पोलिसाच्या भूमिकेसाठी त्यांना वयस्कर माणूस हवा होता. ली जे. कॉब आणि बिंग क्रॉस्बी यांचा विचार झाला, जमलं नाही. चाळिशीचा पीटर फॉक त्यांना तरुण वाटत होता. शेवटी भूमिका त्यालाच मिळाली, आणि तोच कायमचा कोलंबो झाला. तरीही मालिका लगेच झाली नाही. मार्च 1971मध्ये मालिकेची चाचणी म्हणून आणखी एक टीव्ही-चित्रपट झाला, आणि 15 सप्टेंबर 1971ला मालिकेचा पहिला भाग दिसला. मासिकातल्या कथेपासून इथपर्यंत अकरा वर्षं. त्या अकरा वर्षांत त्यांनी एकच खून पुन्हा पुन्हा लिहिला: कथा, टीव्ही-नाट्य, नाटक, चित्रपट. दर वेळी पोलीस थोडा मोठा होत गेला. जुना मजकूर बासनात बांधून 'आता नवीन काही' म्हणणाऱ्या तरुण लेखकांना मी हे नेहमी ऐकवतो.

या काळात ते फक्त वाट बघत बसले नव्हते, हेही खरं. 1967 साली त्यांनी 'मॅनिक्स' ही खासगी गुप्तहेराची मालिका रचली. मूळ कल्पनेत नायक संगणकांच्या जोरावर चालणाऱ्या एका मोठ्या गुप्तहेर कंपनीत काम करतो आणि तिथल्या शिस्तीला वैतागतो. दुसऱ्या वर्षापासून निर्मात्यांनी कंपनी, संगणक सगळं काढून टाकलं आणि मॅनिक्सला स्वतःचं ऑफिस दिलं. मालिका आठ वर्षं चालली. कल्पना तुमची, पण ती चालली दुसऱ्याच्या बदलामुळे, हे पचवायला अवघड असतं. जोडीत असलं की निदान कुरकुर ऐकायला हक्काचा माणूस मिळतो.

आता मूळ मुद्दा. 'खून कुणी केला' हे आधीच सांगून टाकायचं आणि 'सापडेल कसा' यावर गोष्ट तोलायची, हा प्रकार त्यांनी शोधलेला नाही. इंग्लंडमध्ये आर. ऑस्टिन फ्रीमनने 1912च्या एका कथासंग्रहात तो करून दाखवला होता. कोलंबोचा स्वभावही त्यांनी उघडपणे उचलला होता: दोस्तोयेव्हस्कीच्या 'गुन्हा आणि शिक्षा'मधला पॉर्फिरी पेत्रोविच. तो तपास अधिकारी गप्पा मारतो, माफी मागतो, निघतो आणि पुन्हा वळतो. कॉलेजात वाचलेली कादंबरी अशी कामी आली. मग या दोघांचं स्वतःचं काय? माझ्या मते, त्यांनी या आकाराला द्वंद्वाचं रूप दिलं. एका बाजूला श्रीमंत, हुशार, नीटनेटका खुनी. दुसऱ्या बाजूला मळकट रेनकोट. दोघांपैकी प्रत्येकाला आपण समोरच्याला खेळवतोय असं वाटतं. पिस्तूल नाही, पाठलाग नाही. अख्खा भाग म्हणजे दोन माणसांचं बोलणं.

आणि दोन माणसांचं बोलणं लिहायला दोन माणसं असली की काम वेगळं होतं. आमच्या खोलीत हे रोज घडायचं. मी एक निर्दोष खून मांडायचो आणि माझा मित्र निर्विकार चेहऱ्याने विचारायचा, 'मग त्याने घराची किल्ली कुठे ठेवली?' मी चिडायचो, उत्तर द्यायचो, तो पुन्हा विचारायचा. तिसऱ्या प्रश्नाला मी अडकलो की तो धागा आम्ही कोलंबोच्या जातीच्या पात्राच्या तोंडी घालायचो. कथेतला पोलीस म्हणजे खोलीतला दुसरा लेखक. एकटा लेखक स्वतःच्याच खुनाला इतक्या निर्दयपणे प्रश्न विचारत नाही. त्याला तो खून प्रिय झालेला असतो.

'प्रिस्क्रिप्शन: मर्डर'मधला पहिला धागा बघा. डॉक्टर प्रवासाहून घरी परततो. त्याच्या हिशेबाने बायको रागावून विमानातून उतरून घरी आलेली असायला हवी. पण घरात शिरताना तो तिला हाक मारत नाही. बस, एवढंच. बोटांचे ठसे नाहीत, रक्ताचा डाग नाही. माणूस घरी आला की बायकोला हाक मारतो, आणि ज्याला ती ओ देणार नाही हे ठाऊक आहे तो मारत नाही. असा पुरावा वर्तनातून येतो. तो शोधायला प्रयोगशाळा लागत नाही, संशयी मित्र लागतो. मेलेलं माणूस हाकेला ओ देणार नाही हे खुन्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं, आणि लिहिताना लेखकाच्याही डोक्यात. म्हणून ती चूक एकट्या लेखकाला दिसत नाही.

'जस्ट वन मोअर थिंग' या जगप्रसिद्ध वाक्याची गोष्ट तर मी प्रत्येक कार्यशाळेत सांगतो. नाटक लिहिताना एक प्रवेश टाईप करून झाला, कोलंबो दारातून बाहेरही पडला, आणि मग लक्षात आलं की त्याने अजून एक प्रश्न विचारायला हवा होता. अख्खं पान पुन्हा टाईप करायचा दोघांनाही कंटाळा आला. म्हणून कोलंबो दारातून परत आत डोकावला. पुढची चाळीस वर्षं तो डोकावतच राहिला. (संगणक आल्यापासून आपण पान सहज दुरुस्त करतो. आपण असे किती कोलंबो पुसून टाकले असतील, कोण जाणे.)

वाहिन्यांच्या अधिकाऱ्यांशी झालेल्या वादांबद्दल या दोघांनी 1981 साली 'स्टे ट्यून्ड' या पुस्तकात लिहिलंय. नायक इतक्या उशिरा का येतो, ही मोठी तक्रार. खून होईस्तोवर बराच वेळ जातो आणि तोपर्यंत पीटर फॉक पडद्यावर नाही, म्हणजे पैसे देऊन घेतलेला तारा बाहेर बसलाय. लेखकांनी हट्ट सोडला नाही. मला यात फार जवळचं वाटतं, कारण आम्ही एकदा खुनी आधीच दाखवणारी मालिका सुचवली तेव्हा समोरून आलेला पहिला प्रश्न होता, 'मग प्रेक्षक जाहिरातीनंतर परत कशाला येईल?' आम्ही पटवून देऊ शकलो नाही. ते पटवू शकले, आणि त्यामागे एक व्यवहारी कारण होतं: 'कोलंबो' दर आठवड्याला नव्हता. एनबीसीने तो 'मॅक्लाउड' आणि 'मॅकमिलन अँड वाइफ' यांच्यासोबत आलटूनपालटून लावला. पहिल्या वर्षी फक्त सात भाग झाले. महिन्याकाठी एखादा भाग असेल तर खून घडवायला सवड मिळते. दररोजच्या मालिकेत ही घडण शक्य नाही. तुम्ही दररोजची मालिका लिहिणार असाल तर हा घाट सोडून द्या.

पहिल्या वर्षातला त्यांचा स्वतःचा 'डेथ लेंड्स अ हँड' हा भाग जरूर बघा. त्यासाठी त्यांना लेखनाचं एमी, म्हणजे अमेरिकन टीव्हीचं मोठं पारितोषिक, मिळालं. ज्यांनी बघितला नाही त्यांनी पुढची चार वाक्यं सोडावीत. खुनी स्वतः एका बड्या गुप्तहेर संस्थेचा मालक आहे. कोलंबो त्याच्या कानावर घालतो की मृत बाईची एक कॉन्टॅक्ट लेन्स हरवली आहे आणि ती जिथे सापडेल तिथे खून किंवा प्रेताची वाहतूक झाली असणार. खुनी रात्री आपल्याच गाडीची डिकी धुंडाळायला जातो, आणि गाडी नेमकी गॅरेजमध्ये असते, कारण तिच्या धुराच्या नळीत बटाटा कोंबून ती बंद पाडलेली असते. लेन्स हरवलेलीच नव्हती.

पहिल्या वर्षातला पहिला भाग मात्र मला जास्त विचित्र वाटतो. 'मर्डर बाय द बुक' स्टीव्हन बोच्कोने लिहिला, दिग्दर्शन 24 वर्षांच्या स्टीव्हन स्पीलबर्गचं. गोष्ट कुणाची? दोघे मिळून रहस्यकादंबऱ्या लिहिणाऱ्या जोडीची! एक जण सगळं लिहितो, दुसरा मुलाखती देतो आणि पैसे उडवतो. लिहिणारा जोडी मोडायचं ठरवतो, तेव्हा दुसरा त्याला मारतो. शेवटी कोलंबोला मृत लेखकाच्या कागदांत या खुनाची युक्ती टिपून ठेवलेली सापडते. ती कल्पना त्या न लिहिणाऱ्याचीच होती, आयुष्यात त्याला सुचलेली बहुधा एकमेव चांगली कल्पना, आणि जोडीदाराने ती नेमकी लिहून ठेवली. जोडीने लिहिणाऱ्या दोन निर्मात्यांनी आपल्या मालिकेची सुरुवात अशा गोष्टीने व्हावी, याचं मला कायम हसू येतं. पण त्यात जोडीदारीचं सगळ्यात मोठं दुखणं आहे: कोण काय आणतं, हे बाहेरच्याला दिसत नाही आणि आतल्याला सिद्ध करता येत नाही.

लेव्हिन्सन-लिंक यांनी हे दुखणं कसं टाळलं? माझ्या वाचनानुसार, श्रेयाची वाटणीच न करून. नाव कायम दोघांचं, क्रमही ठरलेला. आपल्याकडे कथा, पटकथा, संवाद अशा वेगवेगळ्या पाट्या लागतात, त्यातून भांडणं उगवतात. आणि जिथे काम आपलं राहिलं नाही असं वाटलं तिथे दोघांनीही एकत्रच नाव काढून घेतलं. 1971 साली 'एलरी क्वीन' या कादंबऱ्यांतल्या गुप्तहेरावरच्या एका टीव्ही-चित्रपटाची त्यांची पटकथा इतकी बदलली गेली की पडद्यावर 'टेड लेटन' हे टोपणनाव आलं. एकाने रागावून नाव काढलं आणि दुसऱ्याने ठेवलं असतं, तर जोडी तिथेच संपली असती.

एलरी क्वीनबद्दल दोन शब्द अधिक, कारण त्यांचं सर्वांत प्रेमाचं पण फार न टिकलेलं काम तेच. एलरी क्वीन हे नायकाचं नावच मुळात एका लेखकजोडीचं टोपणनाव: फ्रेडरिक डॅने आणि मॅनफ्रेड ली या मावसभावांचं. त्यांच्यातली भांडणं प्रसिद्ध आहेत. 1975 साली लेव्हिन्सन-लिंक यांनी पीटर एस. फिशरसोबत एनबीसीवर मालिका आणली. काळ दुसऱ्या महायुद्धानंतरचा, नायक जिम हटन. शेवटच्या अंकाआधी एलरी सरळ कॅमेऱ्यात बघून म्हणायचा की सगळे धागे तुमच्यासमोर आहेत, आता सांगा खुनी कोण. 22 भागांनंतर मालिका बंद. ज्यांनी बघितली त्यांना आजही ती फार आवडते, पण ती प्रेक्षकाकडून मेहनत मागत होती आणि रात्री दमलेला माणूस टीव्हीपुढे परीक्षा द्यायला बसत नाही.

नऊ वर्षांनी, सप्टेंबर 1984मध्ये, त्याच तिघांनी सीबीएस या दुसऱ्या वाहिनीला 'मर्डर, शी रोट' दिली. बंदिस्त संशयित, मांडलेले धागे, शेवटी उलगडा: हाड तेच. फक्त कोड्याची धार बोथट केली आणि मध्ये जेसिका फ्लेचर बसवली, अमेरिकेच्या मेन राज्यातल्या एका छोट्या गावातली निवृत्त शिक्षिका, आता रहस्यकथा लेखिका. भूमिका आधी जीन स्टेपलटनला विचारली होती, तिने नाकारली आणि अँजेला लॅन्सबरी आली. बारा वर्षं, 264 भाग. कोडं सुटलं नाही तरी प्रेक्षकाचं काही बिघडत नव्हतं. जेसिकासोबत तासभर बसायला मिळत होतं.

त्यांच्या दुसऱ्या बाजूचा उल्लेख थोडक्यात करतो, कारण तुमचा प्रश्न रहस्याचा आहे. 'माय स्वीट चार्ली' (1970), समलिंगी वडिलांवरचा 'दॅट सर्टन समर' (1972), सैन्यातून पळाल्याबद्दल गोळी घातल्या गेलेल्या सैनिकावरचा 'द एक्झिक्यूशन ऑफ प्रायव्हेट स्लोव्हिक' (1974). हे टीव्ही-चित्रपट त्यांनी रहस्यलेखनाच्या बळावर करून घेतले. खुनांनी भाडं भरलं, म्हणून हे लिहिता आलं.

लेव्हिन्सन मार्च 1987मध्ये हृदयविकाराने गेला, अवघ्या 52 वर्षांचा. तो भयंकर सिगारेट ओढायचा. शाळेतल्या त्या पहिल्या दिवसापासून चाळीसेक वर्षं झाली होती. 1991 साली लिंकने 'द बॉइज' नावाचा टीव्ही-चित्रपट लिहिला, जेम्स वुड्स आणि जॉन लिथगो यांचा: एक लेखकजोडी, एक सिगारेट ओढणारा, आणि त्या धुरामुळे आजारी पडणारा दुसराच. म्हणजे लिंकने मृत्यू स्वतःकडे घेतला. मी तो बघितला तेव्हा मध्येच उठून मित्राला फोन केला होता. लिंक पुढे 2020पर्यंत जगला. 2010मध्ये त्याचा कोलंबो कथांचा संग्रह आला, एकट्याच्या नावाने.

आता तुमच्यासाठी काय करायचं ते. आठवडाभर लेखन करार, टक्केवारी, नावाचा क्रम यावर बोला आणि ते कागदावर लिहून मोकळे व्हा, गोष्ट सुचण्याआधी. मग 'प्रिस्क्रिप्शन: मर्डर' आणि 'डेथ लेंड्स अ हँड' एकत्र बघा. दुसऱ्या दिवशी तुमच्यातल्या एकाने दोन पानांत एक खून लिहायचा, फक्त खुन्याच्या बाजूने, जसा त्याला तो निर्दोष वाटतो तसा. दुसऱ्याने ती पानं वाचून त्यावर बोलायचं नाही, फक्त प्रश्न विचारायचे, तेही भाबडेपणाने, आणि खुनी लिहिणाऱ्याने खोटं बोलून उत्तरं द्यायची. पहिलं खोटं जिथे अडखळेल तिथे खूण करा. तो तुमचा पहिला धागा. तिसऱ्या दिवशी खुर्च्या बदला.